पंडुमाआधीचं पोतं

माही जीभ तिखट आहे, हे अख्ख्या बाजाराले मालूम आहे. कांदे उलटेपालटे करून पाहणाऱ्या मास्तरणीले मी तोंडावर म्हणते, बाई, कांदे घेता का सोयरीक पाहता? ती फणकाऱ्यानं जाते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा माह्याच ताडपत्रीसमोर उभी राहते. माहं नाव शकुबाई. कुरखेड्याच्या भोवतालचे तीन आठवडी बाजार करते, चोवीस वर्षं झाली. कांदे, लसूण, मीठ, सुकट विकते आणि जंगलातला माल घेते. मोहा, हिरडा, आणि उन्हाळ्यात चारोळी. बोलताना मले कधी शब्द शोधा लागला नाई. पण सुकरीबाईचं नाव निघालं की मी तराजू पुसाले लागते. तरी सांगते. मी नाई सांगितलं तं तिच्या गावचे लोक सांगतील, आणि ते भले लोक आहेत, माहं नाव वगळून सांगतील.

सुकरीबाई गोंडाची. बाजारापासून दोन-अडीच कोस आत, टेकडीच्या पायथ्याशी चाळीस घरांचं तिचं गाव. नवरा लच्छूभाऊ त्या गावचा गायता होता, म्हणजे गावदेवाची सगळी पूजा त्याच्या हातची. बाई बुटकी, काटक, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं, आणि हसली की डोळे पार गायब व्हायचे. मी लग्न होऊन आली तेव्हा दुकान माह्या सासऱ्याचं होतं. सोमाजी त्यांचं नाव. सासरे पायलीभर मीठ मोजून देत आणि पायलीभर चारोळी मोजून घेत. मी दरवर्षी चवदा एप्रिलले शाळेत भाषण ठोकणारी पोरगी, मले ते पाहून अंगाचा तिळपापड होई. एकदा सासऱ्याच्या देखत बोलून गेली, बाई, ब्रह्मपुरीत या मालाले काय भाव आहे, मालूम आहे का तुले? सासरे असे पाहाले लागले जसं मी घराले काडी लावली. सुकरीबाईनं मीठ पदराच्या टोकाले बांधलं, डोळे गायब होईस्तोवर हसली आणि म्हणे, सोमाजीभाऊ, सून चांगली आणली, हिलेच दुकानावर बसू द्या. दोन वर्षांनी सासऱ्यानं खाट धरली आणि मी खरंच बसली. पहिल्याच बाजारी मिठाची पायली बाजूले ठेवली आणि तराजू काढला.

चारोळी तुम्ही पुडीतली पाहिली असेल. बासुंदीवर, श्रीखंडावर पसरतात ती. तिच्यामागे किती हात लागतात ते मले मालूम आहे. झाडं टेकडीच्या उतारावर. चैत्रात त्याले बोराहून लहान हिरवी फळं लागतात, त्या फळाले आम्ही चार म्हणतो. वैशाखाच्या तोंडावर ते फळ जांभळं होते, मग काळं. झाडावर चढून हातानं तोडायचं, भिजत घालायचं, पोत्यावर चोळून साल काढायची, आतली कडक गुठली धुवायची, वाळवायची, मग जात्यात हलक्या हातानं फिरवून टरफल फोडायचं आणि सुपानं पाखडायचं. जातं जरा जड पडलं की दाण्याचा भुगा होते. सुकरीबाईचं जातं कधी जड पडलं नाई. तो माल माह्याकडे येई, माह्याकडून ब्रह्मपुरीच्या शेठकडे, शेठकडून नागपूरले. तिथून पुढं कुठी जाते, ते मले कोणी सांगितलं नाई.

सुकरीबाईनं एकदा इचारलं, एवढं नेऊन लोक करतात काय? मी सांगितलं, गोडावर टाकतात, एका वाटीत दहा-पाच दाणे. ती इतकी हसली की बाजूची भाजीवाली उठून पाहाले आली. दहा-पाचच, म्हणे, मग बाकीची कोण खाते? पुढच्या बाजारी मी तिच्यासाठी ब्रह्मपुरीहून बासुंदीचा डबा आणला. तिनं बोटानं वरचे दाणे तेवढे वेचून तोंडात टाकले आणि तोंड वाकडं केलं. म्हणे, शकू, हे पिकायच्या आधी तोडलं. बासुंदी तिनं भाजीवालीच्या लेकरांले देऊन टाकली. तिनं ठेवलेला एक दाणा मीही खाऊन पाहिला. मले काहीच फरक समजला नाई. आजही समजत नाई, आणि म्हणे मी चारोळीची व्यापारीण.

त्यांच्या गावात एक नेम होता. नवं फळ आधी देवानं खायचं, मग माणसानं. त्या सणाले पंडुम म्हणतात. आंब्याचा होते, मोहाचा होते, तसाच चारोळीचा. फळ काळं पडलं की गायताच्या घरची बाई टेकडीवर जाऊन पानाचा दोना भरून आणे. गायता तो दोना देवापुढं ठेवे. मग गाव झाडावर चढे. त्याच्या आधी कोणी तोडायची नाई, खायची नाई, विकायची नाई. दोना भरायचा मान सुकरीबाईचा, लग्न होऊन आली तेव्हापासून. मी बुद्धाले मानणारी, माह्या घरी नवस-सायास कोणी करत नाई, म्हणून आधी आधी मी हसत होती. मग एक दिवस तिनं माहीच बादली ओढली आणि दोन मुठी गुठल्या तिच्यात टाकल्या. पंडुमानंतर तोडलेली मूठ सरळ तळाशी गेली. आधी तोडलेली वर तरंगत राह्यली. ही पोकळ, ती म्हणे, हिच्यात दाणा भरला नाई आणि हिच्यातून झाडही येत नाई. तेव्हा मले समजलं. देवाच्या नावानं त्या लोकांनी झाडाले पिकाले वेळ देऊन ठेवला होता.

त्याच दिवशी तिनं माह्याकडून वचन घेतलं. घेणाराच नसला तं तोडणारा कशाले तोडते, एवढा हिशेब तिले त्या शेठपेक्षा चांगला येत होता.

"शकू, पंडुमाच्या आधी कोणाची बी चार घेऊ नको. आणली कोणी, तं एवढंच इचार, पंडुम झाला का? मंग घे."

मी म्हटलं, इचारीन. बस, एवढंच. ना कागद, ना साक्षीदार. नऊ वर्षं मी ते पाळलं. कच्चा माल घेऊन आलेल्या कितीतरी बायांले मी हुसकून लावलं, शिव्याही देल्ल्या. पुढं पुढं लोकच म्हणाले लागले, शकुबाईच्या तराजूत चारोळी पडली म्हणजे पंडुम झाला समजा. मले त्याची मोठी ऐट वाटायची.

लच्छूभाऊ पावसाळ्यात गेला, तापानं, आठ दिवसांत. मी गेली होती. त्यांच्यात जाणाऱ्याच्या तोंडात त्याच्या आवडीचा घास ठेवतात. सुकरीबाईनं गाडग्यातून चिमूटभर चारोळी काढली, त्याच्या ओठांत ठेवली आणि त्याच्या कानाशी बोलल्यासारखी म्हणे, वाट लांब आहे, चावत जाजो. ती रडली नाई. मीच रडली, तिच्या वाटचं. पोरगा दिनेश गायता झाला. दिनेशची बायको रंजीता साधी पोरगी, सासूचा शब्द न मोडणारी. रिवाजानं दोना आता रंजीतानं भरायचा होता, पण तिनंच म्हटलं, तुमचे पाय चालतात तोवर तुम्हीच भरा.

आता मुख्य ते सांगते. दोन वर्षं झाली त्याले.

त्या साली चैत्र लागला आणि बाजारात एक पिकअप गाडी याले लागली. बाहेरचे दोन जण, काट्याचा तराजू नाई, आकडे दाखवणारा काटा. ते ओलं फळच घेत. हिरवं असो, पाल्यासकट असो, काही नाई म्हणत. भिजवायचं नको, चोळायचं नको, वाळवायचं नको. कुठीतरी मशीन होती म्हणे, ती सगळं करून देते. भोवतालची तीन गावं आठ दिवसांत झाडं झोडपून मोकळी झाली. रोख घेऊन लोक माह्या ताडपत्रीसमोरूनच जात आणि माह्याकडे पाहणं टाळत. दोन बाजार माह्या पोत्यात एक दाणा पडला नाई. ब्रह्मपुरीच्या शेठचा फोन आला, शकुबाई, यंदा माल देता का दुसरी बाई पाहू? मी फोनवर त्याले चांगलं सुनावलं. पण फोन ठेवला आणि रिकामं पोतं पुन्हा झटकून पाहिलं. बावीस वर्षांत उन्हाळ्यात माहं पोतं रिकामं कधी राह्यलं नव्हतं.

तिसऱ्या बाजारी दुपारी रंजीता आली. डोक्यावर पोतं, पदर ओठांवर ओढलेला. पोतं उतरवलं आणि खाली पाहत उभी राह्यली. मी पोत्याचं तोंड सोडून पाहिलं, हिरवीगार चार. त्यांच्या बांधावरच्या झाडाची.

इथी मी इचाराले पाहिजे होतं. पंडुम झाला का? तीन शब्द. लेकरू बोलू शकते एवढे. समोर पिकअपवाला आपल्या काट्याले टेकून आमच्याकडे पाहून राह्यला होता, आणि मले माहीत होतं, मी इचारलं तं ही पोरगी मान हलवेल आणि पोतं उचलून तिकडे जाईल. मग मी मनाले समजावलं, गायताच्या घरचं पोतं आहे, बुढीनं पाठवल्याबिगर सून कशी आणेल? नेम मोडला असेल तं त्यांनीच मोडला. मन माहंच, त्याले मानाले किती वेळ लागते. मी तोंड मिटलं आणि पोतं तराजूले अडकवलं.

रंजीतानं पैसे घेतले आणि जवळजवळ पळतच गेली. काऊन आली होती, ते मागून समजलं. दिनेश माघात मिरची तोडाले तेलंगणात गेला होता. पंडुमाच्या आधी येतो म्हटलं होतं. दीड महिना झाला, फोन बंद. सासूनं तोंडानं काही म्हटलं नाई, पण ती जेवत नव्हती. रंजीताले त्याले शोधाले जायचं होतं आणि हातात गाडीभाड्यापुरतंही नव्हतं. पिकअपवाल्यांजवळ जायची तिले भीती वाटली. शकुबाई आपली आहे, ती रागावेल पण समजून घेईल, असं वाटलं म्हणून पोरगी माह्याकडे आली. तिले वाटलं होतं मी इचारीन. इचारलं असतं तं तिनं सगळं सांगितलं असतं. हे तिनंच मले पुढं सांगितलं, रडत रडत. सासू मोहफुलं वेचाले गेल्याचं पाहून तिनं ती चार तोडली होती. आणि दिनेश दुसऱ्याच दिवशी घरी आला. मोबाईल मिरचीच्या वावरात पाण्याच्या पाटात पडला होता म्हणे. तिले एसटीतही बसा लागलं नाई.

पण बाजारात तिच्या गावचे लोक होते ना. त्यांनी पाहिलं ते एवढंच, गायताच्या घरचं पोतं आणि शकुबाईचा तराजू. दोन्ही खुणा मिळाल्या. कोणी कोणाले इचारलं नाई. पंडुम झाला असेल, बुढा गेल्यापासून घरातल्या घरात करून टाकला असेल, असं म्हणत अर्धं गाव बाजारातूनच परत फिरलं. सांज व्हायच्या आत टेकडीवर माणसं. उद्या पिकअप कदाचित येणार नाई, अशी आवई उठली, मग तं इचारूच नका. ज्याले चढता आलं तो चढला, ज्याले नाई आलं त्यानं कुऱ्हाड घातली. फांदीच खाली आणून आरामात वेचाले लागले. सुकरीबाई आडवी गेली, हात जोडले, ओरडली. लोक तिले म्हणे, बाई, सुरुवात तं तुह्याच घरून झाली.

पुढच्या बाजारी ती आली. मी तिले लांबून पाहिलं आणि कांदे उगाच रचत राह्यली. ती ताडपत्रीच्या कडेले बसली, माह्या पोत्यातून एक मूठ घेतली, गोणपाटावर चोळली आणि गुठल्या माह्या बादलीत टाकल्या. सगळ्या तरंगल्या. एकही खाली गेली नाई. मी बादलीत पाहत राह्यली. तिच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती.

"शकू," ती म्हणे, "एका वेळा इचारलं काऊन नाई?"

मी खूप बोलली तेव्हा. शेठचा फोन, पिकअप, रिकामं पोतं, गायताचं घर. माही जीभ भराभर चालत होती आणि मलेच तिची किळस येत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बादलीतल्या गुठल्या ओंजळीनं काढून पाणी माह्या कोथिंबिरीवर शिंपडलं, वाया जाऊ नये म्हणून, आणि उठून गेली. तिनं शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. ती चार मी शेठकडे पोचवली. तो कुरकुरला, पण चांगल्या मालात मिसळून टाकतो म्हणाला. कोणाच्या तरी बासुंदीवर गेलीच असेल.

पंडुमाच्या दिवशी मी तिच्या गावाले गेली. बोलावलं नव्हतं, तरी गेली. सुकरीबाई आधीचे दोन दिवस टेकडीवर झाडन् झाड पाहत फिरली होती. एका दोन्यापुरती काळी चार तिले हवी होती, मूठभर. अख्ख्या टेकडीवर ती मिळाली नाई. लोक म्हणे, दुसऱ्या गावाहून आणून ठेवा. कोणी म्हणे, हिरवीच ठेवा, देवाले काय दिसते. तिनं पळसाच्या पानांचा दोना लावला, चांगला नीट टाके घालून, आणि रिकामाच दिनेशच्या हातात देल्ला. दिनेश दोना धरून तिथंच थांबला. ती त्याले म्हणे, ठेव. जे आहे ते ठेव. देवाले खोटं सांगता येत नाई.

तो रिकामा दोना देवापुढं ठेवला आणि गाव तिथंच उभं राह्यलं. मीही उभी होती.

निघताना तिनं मले घरात नेलं. गाडग्यात मागल्या सालची चारोळी होती, ओंजळभर, तिच्याच जात्यावर काढलेली. ती तिनं फडक्यात बांधून माह्या हातात देल्ली. त्यांचा नेम असा की देव उपाशी राह्यला तं त्या घरानं चारोळी तोंडात घ्यायची नाई, जुनीही नाई, आणि घरात ठेवायचीही नाई. म्हणे, तुह्याजवळ ठेव, देवानं खाल्ली की घेऊन ये, मिळून खाऊ. एवढं सगळं होऊन तिनं ते गाठोडं माह्याकडे देल्लं. मी ते घरी नेऊन डब्यात ठेवलं आणि डब्याले हात लावायचा नाई असं सगळ्यांले बजावून ठेवलं.

दुसऱ्या सालाची गोष्ट काय सांगू. फळ नव्या फांदीच्या शेंड्याले येते आणि शेंडे तं कुऱ्हाडीनं गेले होते. जे थोडं आलं त्याच्यासाठी पिकअप पंधरा दिवस आधीच आली. मी बाजारात उभी राहून आरडाओरडा केला, त्या गाडीसमोर आडवी झाली, लोकांले बादली दाखवली. लोकांनी हसण्यावारी नेलं. एक बाई म्हणे, शकुबाई, तुह्या तराजूवर बी हिरवी चढली होती ना? मग मी खाली बसली.

सुकरीबाईनं मात्र भांडण केलं नाई. तिनं वरच्या उतारावरचं एक झाड धरलं. एकच. वाकडं, अर्ध्या फांद्या तुटलेलं, पण दोन डहाळ्यांवर फळ होतं. फाल्गुन सरला तशी ती सकाळी काठी आणि पाण्याचा तुंबा घेऊन त्या झाडाखाली जाऊन बसे, ती दिवस बुडेस्तोवर. पोरं आली, माकडं आली, की काठी आपटे. त्या साली आमच्या जंगलात हत्तींचा कळप फिरत होता, वाघाचं तं नेहमीचंच. दिनेश हात जोडून सांगे, आई, मी बसतो. ती म्हणे, तू गायता आहे, तू दोना ठेव, भरायचा मले आहे. दुपारी रंजीता अंबील घेऊन जाई. रंजीतावर तिनं कधी आवाज चढवला नाई. दीड महिना फोन नसलेल्या नवऱ्यासाठी बाई काय काय करते, हे मले समजते, एवढंच एकदा म्हणाली.

मी एकदा गेली तिच्यासोबत बसाले. उन्हानं सगळं जंगल पांढरं पडलं होतं. ती सुकून अर्धी झाली होती, पण डोळे झाडावर. मले डहाळी वाकवून दाखवली. हिरव्यावर कुठी कुठी लाली चढत होती. मी शेवटी म्हटलं, बाई, मले माफ कर. ती माह्याकडे पाहून हसली आणि तिचे डोळे गायब झाले. किती दिवसांनी पाहिलं मी ते.

"आठ दिवस राह्यले," ती म्हणे. "दोना भरला, देवानं खाल्ली, की पहिली मूठ तुले. ते गाठोडं बी घेऊन ये."

घरी येताना माहे पाय जमिनीवर नव्हते. आठ दिवस मी बोटांवर मोजाले लागली.

पाचव्या दिवशी दुपारी रंजीता अंबील घेऊन गेली तं सुकरीबाई झाडाले टेकून बसलेली. काठी मांडीवर. तुंब्यात पाणी तसंच होतं. रंजीताले वाटलं डोळा लागला. ऊन लागलं, असं दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली. वर डहाळीवर चार अजून लालच होती, काळी पडाले तीन दिवस बाकी होते. त्या झाडाचं पुढं काय झालं तेही सांगून टाकते. घर सुतकात, झाडाखाली कोणी नाई, तिले नेल्यावर पाचव्या दिवशी दिनेश गेला तेव्हा डहाळ्या खाली पडलेल्या होत्या. त्या सालीही पंडुम झाला नाई. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मले निरोप आला तेव्हा मी बाजारात होती. दुकान तसंच टाकलं, भाजीवालीले म्हटलं पाहजो, घरी धावली आणि डब्यातून गाठोडं काढलं. जीपवाल्याले हातापाया पडून पोचली. अंगणात तिले निजवलं होतं. नवं लुगडं, गोंदलेले हात बाजूले सरळ ठेवलेले. बाया रडत होत्या. एकेक जण घास ठेवत होतं. माही पाळी आली तशी मी गाठोड्याची गाठ सोडली. तिची चारोळी, तिच्या जात्याची, तिनं पिकू देल्लेली. लच्छूभाऊले तिनं देल्ली तशी चिमूट मी बोटांत धरली. बाई, वाट लांब आहे, असं म्हणाले तोंड उघडलं.

दिनेशनं माहं मनगट धरलं. जोरानं नाई, हळूच. त्याचे डोळे सुजलेले होते, आवाजात राग नव्हता. नेमाप्रमाणे गायतानं जे इचारायचं तेवढंच त्यानं इचारलं.

"पंडुम झाला का, शकुबाई?"

अंगणातल्या सगळ्या बाया माह्याकडे पाहाले लागल्या. मी तिच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. वर्षभर त्या ओठांत एक दाणा गेला नव्हता.

नाई, मी म्हटलं.

मग रंजीतानं सासूच्या तोंडात भाताचं शीत ठेवलं आणि लोकांनी तिले उचललं. चिमूट मी परत फडक्यात बांधली. गाठोडं माह्या घरी त्याच डब्यात आहे.